शहाणा पोपट

मंगळवारी सकाळी खडूने पाय उचलला आणि परत खाली ठेवला. झालं ते एवढंच. रोज साडेसातला मी पिंजऱ्याचं दार उघडते, दोन बोटं त्याच्या पोटापाशी आडवी धरते, "चल, वर" म्हणते आणि तो चढतो. मग आमची वरात वजनकाट्याकडे निघते. काट्यावर एक लाकडी दांडी बसवली आहे, तिच्यावर तो उतरतो, आकडा स्थिरावेपर्यंत थांबतो, मी वहीत लिहिते. सात महिन्यांत एका दिवसाचा खाडा नाही. त्या दिवशी त्याने डावा पाय उचलला, क्षणभर हवेत धरला, मान वाकडी करून एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं आणि पाय मागे घेतला. मग चोचीने माझं बोट बाजूला सारलं. चावला नाही, नुसतं सारलं, जेवणाऱ्या माणसाने वाढणाऱ्याचा हात अडवावा तसं. आणि दांडीवरून सरकत सरकत पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन पाठ करून बसला. मी हात तसाच पुढे धरून उभी. आपण पुढे केलेला हात समोरच्याने हातात घेतलाच नाही की तो परत खिशात कसा घालावा हे कळत नाही, तशी काहीतरी गत झाली.

मागून नवरा म्हणाला, "बिघडलाय तो. आधी किती शहाणा होता."

दिवसभर ते 'बिघडलाय' डोक्यात घोळत राहिलं. चिडावं असं त्यात काही नव्हतं, आणि खोटं म्हणावं तर तेही जमत नव्हतं. आधी तो खरंच शहाणा होता. आमच्याकडे आला तेव्हाचा खडू म्हणजे कुणालाही हेवा वाटावा असा पोपट. राखी रंगाचा आफ्रिकन ग्रे, शेपूट लालभडक, डोळ्यांभोवती पांढरी कातडी. सोडवून आणलेल्या पक्ष्यांना ठेवतात तिथून तो आमच्याकडे आला. सोबत एक पानी कागद होता, त्यात बहुतेक रकान्यांपुढे 'माहीत नाही' लिहिलेलं. नाव माहीत नाही, वय माहीत नाही. बुबुळं पिवळसर झालीत म्हणजे वयात आलेला आहे, त्यापलीकडे नुसतं बघून काही सांगता येत नाही; दहा वर्षांचा असेल नाहीतर तीसचा. हे पोपट माणसाकडे चाळीस-चाळीस वर्षं सहज जगतात, तेव्हा दोन्ही शक्य. लिंगाच्या रकान्यात 'नर' होतं, पण तपासणी केल्याची नोंद नव्हती. या जातीत नर-मादी दिसायला सारखेच, रक्त किंवा पीस तपासल्याशिवाय कळत नाही. पोपट म्हटला की तो, एवढ्याच आधारावर कुणीतरी 'नर' लिहिलं असणार. मीही त्याच आधारावर त्याला 'तो' म्हणते. नाव मुलाने ठेवलं. या जातीच्या पोपटांच्या अंगातून सतत पांढरी भुकटी झडते, काही पिसांची टोकंच भुगा होऊन गळतात आणि ती पूड तो सगळ्या पिसांवर पसरवत राहतो. पहिल्याच संध्याकाळी टीव्हीच्या काळ्या पडद्यावर ती पूड बसली, मुलाने बोटाने तिच्यात रेघ ओढली आणि म्हणाला, हा तर खडू आहे.

डोकं राजासारखं, पीस न् पीस जागच्या जागी. आणि मानेखाली सोललेली कोंबडी. छाती, पोट, मांड्या, सगळीकडे उघडी गुलाबी कातडी आणि मधूनमधून कुरतडलेल्या पिसांचे खुंट. पिसं उपटणाऱ्या पोपटाचं डोकं नेहमीच शाबूत असतं, कारण स्वतःची चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नाही. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला वाटलं होतं की निदान डोकं तरी त्याने शोभेला राखलंय, आणि या विचाराची आता लाज वाटते.

तर तो शहाणा पोपट. कुणीही हात पुढे करावा आणि त्याने चढावं. ठेवाल तिथे बसायचा. खुर्चीच्या पाठीवर ठेवला की खुर्चीच्या पाठीवर, तासाभराने पाहावं तर तिथेच. ओरडणं नाही, चावणं नाही, वाटी उलथणं नाही. पाहुणे थक्क व्हायचे. त्यांच्या ओळखीतल्या कुणाचा तरी पोपट पडदे फाडायचा, कुणाच्या कानाचा लचका तोडायचा, आणि हा बघा! एक मावशी म्हणाल्या, "प्रेमाने होतं हो सगळं, याला कळलंय आता आपण सुटलो." मी ते कौतुक अंगाला लावून घेतलं. खोटं कशाला सांगू, छान वाटलं. एका मुक्या जिवाला आपण वाचवलं आणि तो कृतज्ञ आहे, ही भावना अंगावरच्या ऊबदार शालीसारखी असते, कुणी काढून घेऊ नये असं वाटतं.

ती काढून घेतली पक्ष्यांच्या डॉक्टरांनी. रक्त तपासून झालं, पिसांचा तो विषाणू नाही ना हे पाहून झालं, शरीरात जस्त-शिसं गेलंय का तेही झालं. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेल्या पोपटात अ जीवनसत्त्व कमी पडतं, आणि ग्रे जातीत कॅल्शियम खाली जाऊन झटकेसुद्धा येऊ शकतात. त्यावरून खाणं बदलायचं ठरलं. मग मी कौतुकाने म्हणाले, "पण स्वभावाने फार शांत आहे हो." डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं. तो टेबलावर उभा होता, पिसं अंगाला घट्ट चिकटलेली, मान लांब, पापणी न लववता. "हा शांत नाही," ते म्हणाले, "हा थिजलाय."

मला राग आला होता. घरी येताना गाडीत मी नवऱ्याला म्हणाले, पाच मिनिटं बघून यांना काय कळतं. पण एकदा कुणी असा शब्द दिला की तो डोळ्यांवर चष्म्यासारखा बसतो. मला दिसायला लागलं की तो बोटावर चढतो तेव्हा नखं रुतवून चढतो. कुणी बाजूने गेलं की तो हलत नाही याचं कारण न घाबरणं हे नाही. पळायला जागा नसली की शिकार होणारा प्राणी शेवटी जे करतो, ते तो करतोय. खांद्यावर टॉवेल टाकून कुणी खोलीत आलं की त्याचा श्वास शेपटीत दिसायचा, शेपूट वरखाली, वरखाली. कुणीतरी त्याला टॉवेलात पकडलं असेल. बहुधा अनेकदा. ज्यांनी त्याला आमच्याकडे दिलं, त्यांनीही सांगून ठेवलं होतं की पहिले काही आठवडे त्याचं पाहुणेपण चालेल, खरा पोपट नंतर भेटेल. मला वाटलं होतं की आमच्या बाबतीत खरा पोपट आधीच भेटलाय.

खरा पोपट हप्त्याहप्त्याने आला. आधी आवाज आला. एका रात्री पिंजऱ्यावर चादर टाकून झाल्यावर आतून किरकिर ऐकू आली, कुणी दाढेखाली वाळू रगडावी तशी. मी घाबरून चादर उचलली. खडू एका पायावर उभा, दुसरा पाय पोटाच्या उघड्या कातडीत ओढून घेतलेला, डोळे अर्धे मिटलेले, आणि चोचीचा खालचा भाग वरच्यावर घासत होता. पोपट निवांत होऊन झोपेला आला की हे करतो. त्याआधीचे दोन महिने त्या पिंजऱ्यातून रात्री काहीच ऐकू आलं नव्हतं, आणि मी त्याला शिस्त समजत होते. मग एके दिवशी त्याने वाटी उचलून खाली टाकली. ती उचलून जागेवर ठेवली, त्याने पुन्हा टाकली आणि ती कुठे पडते ते मान खाली घालून बघितलं. मग नवऱ्याच्या निळ्या चपलांशी वैर सुरू झालं, का ते देव जाणे, काळ्या चालतात. चौथ्या महिन्यात माझ्या अंगठ्याला पहिला चावा. रक्त आलं, खूण अजून आहे. चूक माझीच होती. तो बुबुळं लहान-मोठी, लहान-मोठी करत होता, मानेवरची पिसं ताठ होती, आणि तरी मी आपली 'माझा सोन्या तो' करत हात पुढे नेला. आता मागे वळून बघितलं तर चाव्याआधी त्याने मला निदान तीनदा सांगितलं होतं. चावा म्हणजे त्याचं चौथं वाक्य.

ओरडणं सगळ्यात उशिरा आलं आणि अजून गेलेलं नाही. मी खोलीबाहेर पडले की सुरू. शेजाऱ्यांना मी आधीच माफी मागून ठेवली आहे. थव्यातला पक्षी नजरेआड झाला की बाकीचे हाक मारतात, तो उत्तर देतो, म्हणजे सगळे आहेत. तेवढ्यासाठीच ते असतं. रानात हे पोपट रात्री शेकडोंनी एकत्र मुक्कामाला येतात, तिथे ही हाकाटी कानाला काय वाटत असेल कोण जाणे. इथे भिंतींच्या आत ती कानाच्या पडद्यावर ओरखडा काढते. मी दोन सुरांची एक शीळ ठरवली. बाथरूममधून, जिन्यावरून, जिथे असेन तिथून तीच वाजवते. दहातल्या सहा वेळा तो शीळ परत करतो आणि गप्प होतो. उरलेल्या चार वेळा त्याला बहुधा शीळ नको असते, मी हवी असते.

पण मला जे सांगायचंय ते या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी अडकलंय. आवाजाचं.

तिसऱ्या महिन्यात, अजून चावा-बिवा काही नव्हता तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी दिवे लावायच्या वेळी घरात दार करकरलं. आमच्या कुठल्याही दाराचा तो आवाज नव्हता. मग एक बाई म्हणाली, "गोट्याऽऽ, आलास का रे?" म्हातारी बाई. आवाजात कफ होता, 'का'वर जरा हेलकावा. मग थोडी शांतता, आणि दोनदा खोकला. माझ्या अंगावर काटा आला. खडू दांडीवर बसून भिंतीकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा, त्याच सुमाराला, त्याच क्रमाने: दार, हाक, शांतता, खोकला. मग रोजच. सगळं एकाच गळ्यातून, तेही ओठ नसलेल्या. पोपटाचा आवाज छातीत, श्वासनलिका दुभंगते तिथल्या एका अवयवातून निघतो आणि जिभेने त्याला आकार मिळतो. कफसुद्धा हुबेहूब.

गोट्या कोण, यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. मुलगा म्हणायचा, गोट्या म्हणजे खडूच, ते त्याचं जुनं नाव. नवरा म्हणायचा, नातू असेल, शाळेतून नाहीतर कामावरून यायचा. मी एकदा पिंजऱ्याजवळ जाऊन हळूच "गोट्या" म्हणून पाहिलं. त्याने मान वर केली आणि दाराकडे बघितलं. माझ्याकडे नाही. त्यावरून काय समजायचं? व्हेनेझुएलात हिरव्या चिमुकल्या पोपटांच्या घरट्यांचा एक अभ्यास झाला होता, २०११ साली तो प्रसिद्ध झाला. तिथे संशोधकांनी घरट्यांमधली अंडी अदलाबदल करून पाहिली, तर पिल्लांच्या हाका जन्मदात्यांसारख्या निघाल्या नाहीत, वाढवणाऱ्यांसारख्या निघाल्या. प्रत्येक पिल्लाची एक ओळखीची हाक असते आणि तिचा साचा पिल्लू घरट्यातल्या मोठ्यांकडून घेतं. म्हणजे नाव ठेवणं ही काही फक्त माणसांची मिरास नाही. खडूला नाव ठेवणारे रानातले होते, की ती बाई होती, की आधी एक आणि मग दुसरी, हे मला कधीच कळणार नाही. मराठीत आपण न कळता बोलण्याला पोपटपंची म्हणतो. मीही म्हणायचे. पण ती जी शांतता तो हाक आणि खोकला यांच्यामध्ये ठेवायचा, रोज तेवढीच, ती पाठ केलेली होती की तो खरंच थांबायचा, हे मी त्याच्यापासून दोन हातांवर बसून ठरवू शकले नाही. त्या घरात गोट्याचं उत्तर कधी ऐकूच आलं नव्हतं का? की यायचं, पण ते याला शिकण्याजोगं वाटलं नाही?

आता ती हाक कमी झालीय. पिसं यायला लागली तशी ती कमी झाली, असं मला वाटतं, पण दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असं नसतं. छातीवर आधी काटे आले. नवीन पीस मेणचट आवरणात गुंडाळलेलं येतं, आत रक्त असतं, मोडलं तर भळभळतं. पुढे आवरण सुकतं आणि चोचीने फोडावं लागतं. डोक्यावरचे काटे तो स्वतः फोडू शकत नाही, थव्यात ते काम जोडीदार करतो, इथे मी करते. रात्री तो मान खाली घालतो, मी नखाने एकेक काटा हळूच चुरते, पांढरा भुगा मांडीवर पडतो. मध्येच दुखलं की तो चोच माझ्या नखावर ठेवतो, दाबत नाही. छातीची बरीचशी बाजू आता राखी दिसते. मांड्यांवर काहीच आलेलं नाही आणि डॉक्टर म्हणतात कदाचित येणारही नाही, वर्षानुवर्षं उपटलं की मूळच मरतं. आणि मध्येच एखादी वाईट रात्र येते, सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी चार-पाच कोवळी पिसं पडलेली असतात. त्या सकाळी मी वजन घेताना जास्त गोड आवाजात बोलते. कुणासाठी ते सांगता येत नाही.

पोपटांवरचा २०२१ मधला एक अभ्यास वाचनात आला. ज्या जातींना रानात अन्न सोलायला, फोडायला, हाताळायला जास्त वेळ लागतो, त्याच जाती पिंजऱ्यात पिसांची जास्त नासाडी करतात, असं त्यात दिसलं. तेव्हापासून मी बदाम कागदात गुंडाळून, कागद पुठ्ठ्याच्या नळीत कोंबून, नळीची तोंडं दुमडून देते. तो डाव्या पायात नळी धरून वीस मिनिटं तिच्या चिंध्या करतो आणि बदाम अर्धा खाऊन टाकून देतो. याच्या जातभाईंच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर, रानातून पकडलेल्यांच्या, २०१७ पासून बंदी आहे. तो तसा पकडलेला होता का, हाही एक 'माहीत नाही'चा रकाना. त्या चिंध्या झाडताना कधीकधी वाटतं, मी सोडवून आणलेल्या पोपटाला सोडवण्याजोगं काहीतरी देतेय एवढंच.

मंगळवारी संध्याकाळी मी ओट्यापाशी भाजी चिरत होते. कोपऱ्यातून माझाच आवाज आला. "चल, वर." पुन्हा, "चल, वर." खडू पिंजऱ्याच्या छपरावर बसून खाली पडलेल्या निळ्या चपलेला सांगत होता. मी सुरी खाली ठेवली. स्वतःचा आवाज रेकॉर्ड केलेला ऐकला की परका वाटतो, पण त्यात आपण निदान तयारीने बोललेलो असतो. हा साडेसातचा आवाज होता, ऑफिसला उशीर होत असतानाचा. 'चल'मधला 'ल' जवळजवळ गिळलेला. रांगेतल्या पुढच्या माणसाला बोलवावं तसं. सात महिने रोज मी त्याच्याशी प्रेमाने बोलते अशी माझी समजूत होती. त्याने सात महिन्यांत माझं शिकण्यासारखं हे एवढंच उचललं होतं. आणि त्या म्हातारीचं काय उचललं होतं, तर एक प्रश्न.

नवऱ्याला हे सांगितलं तर तो हसला. "चपलेवर रुबाब करतोय बघ, कुणाकडून शिकला!" त्याच्या लेखी विषय संपला. मला रात्री अ‍ॅलेक्सची आठवण आली. संशोधिका आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ पासून २००७ मध्ये तो मरेपर्यंत ज्याच्यावर काम केलं तो ग्रे पोपट. रंग, आकार, संख्या ओळखणारा म्हणून त्याची ख्याती. मला त्याची दुसरीच गोष्ट आवडते. तेच तेच प्रश्न विचारून झाले की तो मुद्दाम चुकीची उत्तरं द्यायचा. सगळी चुकीची, बरोबर तेवढं सोडून. नाहीतर सरळ सांगायचा की परत जायचंय. इतके शब्द शिकवल्यावर त्यातले काही तो आपल्याला नकार द्यायला वापरणार, याची तयारी शिकवणाऱ्याने ठेवायला हवी. मी तर एकही शब्द शिकवला नव्हता, नकार त्याने पायानेच दिला.

बुधवारी मी अलार्म पंधरा मिनिटं आधी लावला. दार उघडलं, बोटं धरली, पण पोटाला टेकवली नाहीत, वीतभर लांब धरली. "येतोस का रे?" माझ्या तोंडी तो 'का रे' उसना वाटला, त्याने मान वाकडी केली. पाय उचलला. ठेवला. मी दहापर्यंत आकडे मोजले आणि हात काढून घेतला. खूप कठीण गेलं. वजन कळायलाच हवं असतं. पोपट आजार लपवतात, थव्यात दुबळा दिसणं परवडत नाही म्हणून, आणि पिसांखाली बारीक होत चाललेला पक्षी नुसत्या डोळ्यांना धडधाकट दिसतो. दहावा हिस्सा वजन उतरलं तर डॉक्टरकडे धाव घ्यायची असते. तेव्हा हे सगळं माझ्या जागी बरोबरच होतं. आणि तरी कुठेतरी तो जुना खडू हवासा वाटला, हे कबूल करते. ठेवाल तिथे बसणारा, हात पुढे केला की चढणारा. त्याच्याबरोबर सकाळी उशीर व्हायचा नाही.

गुरुवारी तो आला. बोटावर नाही, पिंजऱ्यातून स्वतः उतरला, टेबलावरून तुरुतुरु चालत गेला, वाटेत माझं पेन खाली टाकलं आणि दांडीवर चढून बसला. ४३१ ग्रॅम. आला तेव्हा ३८८ होता. शुक्रवारी आला. शनिवारी पाठ फिरवली. रविवारी आम्ही तिघेही घरी, तो छपरावर बसून अंग फुलवून आंघोळीनंतरची पिसं सारखी करत होता, आणि संध्याकाळी, खूप दिवसांनी, दार करकरलं. "गोट्याऽऽ, आलास का रे?" मग शांतता. या वेळी मुलगा दुसऱ्या खोलीतून ओरडला, "आलो गं!" खडू गप्प झाला. खोकला आलाच नाही. बराच वेळ तो त्या खोलीच्या दाराकडे बघत राहिला, मग शेपूट झटकली आणि पुन्हा पिसांना लागला. मुलाने ते गमतीत केलं होतं. मी त्याला पुन्हा कर म्हणाले नाही, करू नको असंही म्हणाले नाही.

वहीत मंगळवार, बुधवार आणि शनिवार या तीन ओळी कोऱ्या होत्या. डॉक्टर वही बघतात, त्यांना वाटेल मी विसरले. नवरा म्हणाला, काहीतरी लिही तिथे. मी पेन घेतलं आणि तिन्ही ओळींवर, वजनाच्या रकान्यात, लिहिलं: नको म्हणाला.